अधारताल आणि चंद्रावरचे सागर

जबलपूर शहराच्या उत्तर अंगाला अधारताल नावाची वस्ती आहे. ज्या तलावावरून वस्तीला हे नाव पडले, त्याचा संबंध गोंड राज्याच्या वैभवकाळाशी जोडला जातो. गढा-मंडल्याची राणी दुर्गावती १५६४ मध्ये मोगल सरदार आसफखानाशी लढताना धारातीर्थी पडली. अधार कायस्थ हा तिचा प्रधान. अकबरनाम्यातही त्याचा उल्लेख आढळतो. जनश्रुती अशी की, राणीने बांधविला तो राणीताल, तिच्या दासीने बांधविला तो चेरीताल आणि प्रधानाने बांधविला तो अधारताल. राणी, चेरी आणि प्रधान अशी राजवाड्यातली सारी उतरंड या तीन जलाशयांच्या नावांत जणू मांडून ठेवलेली आहे. राणीचा सासरा संग्रामशहा याच्या नावाच्या तलावाला तर लोकांनी थेट संग्रामसागर म्हटले. तलावाला सागर म्हणण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे.

पुढे राज्ये बदलली. १७८१ मध्ये हा मुलूख सागरच्या मराठ्यांकडे आला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. या साऱ्या उलथापालथीत तलावांची नावे मात्र कोणी बदलली नाहीत. पाण्याचे भाग्य नावाइतके थोर नव्हते. चेरीताल म्हटले की आज जबलपूरकराच्या डोळ्यांपुढे घरे आणि गल्ल्या येतात, लाटा येत नाहीत. पाणी आटले, पण पाण्याचे नाव उरले.

पाणी नसलेल्या जागेला पाण्याचे नाव असावे, याचे सर्वांत भव्य उदाहरण मात्र पृथ्वीवर नाही. ते पौर्णिमेच्या रात्री सर्वांच्या माथ्यावरून जात असते. चंद्रावर शांतिसागर आहे, प्रसादसागर आहे, पर्जन्यसागर आहे आणि वादळांचा एक महासागरही आहे. त्यांपैकी एकातही पाण्याचा थेंब नाही. ही नावे तेथे कशी गेली आणि त्या नावांखालची भूमी माणसाला हळूहळू कशी उमगली, याचा इतिहास चार शतकांचा आहे.

या इतिहासाचे पहिले पान दुर्बिणीचे नसून भाषेचे आहे. चंद्राला आपल्या पूर्वजांनी शशांक म्हटले, मृगांक म्हटले. त्याच्या बिंबावरच्या डागांत कोणाला ससा दिसला, कोणाला हरीण दिसले, आणि त्या दर्शनाचे नाव झाले. विचार केला तर हाही एक नकाशाच आहे. कोठे उजळ, कोठे काळवंडलेले, याची नोंद त्यात आहे. उणीव एवढीच की, ज्याच्या त्याच्या कल्पनेप्रमाणे त्या डागांचा आकार बदलतो. नकाशा म्हणजे दोन माणसांना एकाच जागी एकच वस्तू दाखविण्याची सोय. आणि ती सोय दुर्बीण आल्यावाचून होणार नव्हती.

१६०९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियट याने दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे रेखाटन केले. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत गॅलिलिओने चंद्राकडे दुर्बीण रोखली. हॅरियटने रेषा पाहिल्या, गॅलिलिओने त्या रेषांचा अर्थ लावला. चंद्राच्या उजळलेल्या आणि अंधाऱ्या भागांमधील सीमारेषा सरळ नसून वेडीवाकडी आहे, आणि अंधाऱ्या बाजूला त्या रेषेपासून दूर काही ठिपके एकाकी चमकत आहेत, हे त्याच्या ध्यानी आले. सूर्योदयापूर्वी दरीत काळोख असतानाच डोंगराच्या माथ्यावर ऊन पडते, त्यातलाच हा प्रकार होता. असा एक ठिपका सीमारेषेपासून चंद्रव्यासाच्या सुमारे विसाव्या भागाइतका दूर आहे, एवढ्या मोजमापावरून त्याने चांद्रपर्वताची उंची काढली. निष्कलंक मानलेला गोल डोंगरदऱ्यांनी भरलेला आहे, ही वार्ता १६१० मध्ये छापून प्रसिद्ध झाली.

यावरून एक व्यवहाराची गोष्टही निघते. चंद्र पाहावयाचा तो पौर्णिमेला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण पौर्णिमेला सूर्यकिरण चंद्रावर आपल्या दृष्टीच्याच दिशेने पडतात, छाया नाहीशा होतात आणि भूमी सपाट भासते. उंचसखलपणा दिसतो तो अष्टमीच्या सुमारास, आणि तोही सीमारेषेच्या काठाकाठाने. म्हणून चंद्राचा नकाशा एका रात्रीत होत नाही. तिथीमागून तिथी, सीमारेषा जसजशी सरकेल तसतसा तो भरावा लागतो. चंद्राच्या किंचित डोलण्यामुळे त्याच्या पृष्ठभागाचा ५९ टक्के भाग पृथ्वीवरून आळीपाळीने दिसतो. उरलेला कधीच दिसत नाही.

सतराव्या शतकाच्या मध्यास या नव्या भूमीवर नावे घालण्याची जणू शर्यत लागली. स्पेनच्या राजाच्या पदरी असलेल्या मिखाएल व्हान लांग्रेनने १६४५ मध्ये नकाशा छापला आणि तीनशेहून अधिक नावे दिली. सर्वांत मोठ्या सागराला त्याने आपल्या धन्याचे, फिलिप राजाचे नाव दिले. एका विवराला स्वतःचे नाव द्यावयासही तो विसरला नाही. १६४७ मध्ये डान्झिगच्या योहान हेवेलियसने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. हा गृहस्थ मद्याच्या भट्टीचा धनी. वेध त्याने स्वतः घेतले आणि ताम्रपटही स्वतःच कोरले. माणसांची नावे दिली तर मत्सर उत्पन्न होईल, या भीतीने त्याने पृथ्वीवरच्या पर्वतांची आणि समुद्रांची नावे चंद्रावर नेली.

परंतु ज्याची योजना टिकली, तो इटलीतील बोलोन्याचा जेझुइट पंडित रिचिओली. त्याचा सहकारी ग्रिमाल्डी याने नकाशा काढला आणि रिचिओलीने १६५१ मध्ये त्याला नावे दिली. चंद्राच्या कलांचा पर्जन्याशी आणि माणसाच्या चित्तवृत्तीशी संबंध असतो, असा त्या काळचा समज होता. त्यावरून काळसर मैदाने वृष्टीची, मेघांची, वादळांची आणि शांतीची झाली. विवरांना त्याने ज्योतिषी आणि तत्त्वज्ञ यांची नावे दिली. यात एक मौज आहे. सूर्य स्थिर आणि पृथ्वी फिरती, हे मत चर्चने निषिद्ध ठरविले होते आणि गॅलिलिओला त्याबद्दल १६३३ मध्ये शिक्षाही झाली होती. रिचिओलीला आपल्या धर्मसंघाची शिस्त मोडणे शक्य नव्हते. त्याने कोपर्निकस आणि केप्लर यांना वादळांच्या महासागरात लोटून दिले. पण कोपर्निकसला दिलेले विवर इतके ठसठशीत आहे की साध्या दुर्बिणीतूनही नजर प्रथम तेथेच जाते. ही शिक्षा की सन्मान, याचा निर्णय वाचणाऱ्याने करावा. गॅलिलिओच्या नावाचे विवर मात्र आज अवघे १५ किलोमीटरचे आहे.

नावांनंतर मोजमापांचे युग आले. जर्मनीच्या टोबियास मायरने अठराव्या शतकाच्या मध्यास चंद्रावर अक्षांश-रेखांशांचे जाळे काळजीपूर्वक बसविले. त्यानंतर बर्लिनमध्ये व्हिल्हेल्म बीअर हा सावकार आणि योहान मेडलर हा शिक्षक यांनी साडेनऊ सेंटिमीटर भिंगाच्या दुर्बिणीवर वर्षानुवर्षे रात्री जागवून १८३४ ते १८३६ या काळात चार पत्रांचा मोठा नकाशा प्रसिद्ध केला. अथेन्सच्या वेधशाळेचा प्रमुख यूलियस श्मिट याने तर सुमारे ३४ वर्षे या एकाच कामात घालविली. १८७८ मध्ये त्याचा नकाशा छापला गेला, तेव्हा त्यात ३२,८५६ विवरे होती.

इतक्या साक्षेपी माणसाचीही एकदा फसगत झाली. १८६६ मध्ये श्मिटने जाहीर केले की प्रसादसागरातले लिने नावाचे विवर नाहीसे झाले असून तेथे केवळ पांढरा डाग उरला आहे. चंद्र निर्जीव आणि अचल आहे, हे बीअर-मेडलर यांचे मत तोवर रूढ झाले होते. त्याला या वार्तेने हादरा बसला. वाद कित्येक वर्षे चालला. पुढे अंतराळयानांनी जवळून छायाचित्रे घेतली, तेव्हा लिने आपल्या जागी सुखरूप आढळले. जेमतेम अडीच किलोमीटरचे ते विवर आणि त्याभोवतीची उजळ भूमी, यांवर ऊन जसे पडेल तसे ते पृथ्वीवरून कधी खड्डा भासे, कधी डाग भासे. बदलत होता तो प्रकाश. नकाशाच्या इतिहासात हा प्रसंग मोलाचा आहे, कारण दिसणे आणि असणे यांतील अंतर त्याने दाखवून दिले.

असाच धडा पुढच्या शतकातही मिळाला. ऑक्टोबर १९५९ मध्ये सोव्हिएत रशियाच्या लूना-३ या यानाने चंद्राची पाठ प्रथमच टिपली. छायाचित्रे अंधुक होती, पण उत्साह दांडगा होता. त्यांत दिसलेल्या एका उजळ पट्ट्याला पर्वतरांग समजून सोव्हिएत पर्वत असे नावही दिले गेले. पुढे स्पष्ट चित्रे आली, तेव्हा पर्वत नव्हताच, तो विवरातून उडालेल्या उजळ मातीचा पट्टा होता. ते नाव नकाशावरून पुसावे लागले. राष्ट्राचा अभिमान भूमीला डोंगर फोडू शकत नाही.

१९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विज्ञान संघाने आणखी एक बदल केला. तोपर्यंत चंद्राच्या दिशा पृथ्वीवरून पाहणाराच्या आकाशाप्रमाणे ठरत. आता चंद्रावर उतरून उभे राहणाराच्या दृष्टीने त्या ठरू लागल्या आणि पूर्व-पश्चिमेची अदलाबदल झाली. त्यामुळे पूर्वीच ज्याचे नाव पूर्वसागर ठेवले होते, तो आज चंद्राच्या पश्चिम कडेला आहे. नाव मागे राहिले आणि दिशा पुढे गेली. या बदलात एक शुभशकुन होता: माणूस चंद्रावर उभा राहण्याची तयारी करीत होता. १९६६ आणि १९६७ मध्ये अमेरिकेच्या पाच लूनर ऑर्बिटर यानांनी जवळजवळ सारा चंद्र टिपला. यानातच फिल्म धुवावयाची, यानातच ती प्रकाशशलाकेने वाचावयाची आणि रेडिओवरून पृथ्वीला कळवावयाची, अशी ती विलक्षण योजना होती. त्या नकाशांच्या आधारे २० जुलै १९६९ रोजी माणूस शांतिसागरात उतरला आणि पाय न भिजता चालला.

हे सागर म्हणजे वस्तुतः काय, याचे उत्तर महाराष्ट्राला अगदी जवळचे आहे. ते काळ्या पाषाणाचे, लाव्हा थिजून झालेले पठार आहे. दख्खनचे पठारही लाव्हाचेच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या त्या लाव्हाची उत्तरेकडची टोके जबलपूरच्या टेकड्यांपर्यंत पोहोचली आहेत. तेथील बडा शिमला टेकडीवर लाव्हाच्या खाली लमेटा थर आहेत, आणि त्याच परिसरात कॅप्टन स्लीमनला १८२८ मध्ये प्राचीन महाकाय प्राण्यांची हाडे मिळाली. याच दख्खनी पाषाणात, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे सरोवर आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा वाटोळा खळगा ज्वालामुखीचा की उल्केच्या आघाताचा, याविषयी दीर्घकाळ मतभेद होता. चंद्रावरच्या विवरांविषयीही अगदी हाच वाद चालू होता. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने लोणारचा निर्णय लागला. तळात विंधून काढलेल्या दगडांत प्रचंड आघाताने काच झालेली खनिजे सापडली, आणि तशाच खुणा अपोलोच्या प्रवाशांनी आणलेल्या चांद्रपाषाणांत होत्या. लाव्हाच्या खडकात उल्केने पाडलेले इतके सुस्थितीतले विवर पृथ्वीवर दुर्मिळ. म्हणून चंद्राचा नकाशा वाचणाऱ्या अभ्यासकाला लोणारच्या काठावर यावे लागते.

मात्र दोन्ही भूमींत एक मूलभूत फरक आहे. पृथ्वीवर पाऊस आणि वारा खडक झिजवितात. दख्खनच्या काळ्या पाषाणाची कालांतराने काळी माती होते, तीत गहू-ज्वारी पिकते. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. खडक फुटतो तो केवळ उल्कांच्या माऱ्याने, आणि फुटून झालेली धूळ तेथेच पडून राहते. म्हणून तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा कडा आजही ओळखू येतो, आणि पृथ्वीवरचा एखादा चेरीताल चार शतकांतच घरांखाली जातो. चंद्राचा नकाशा एकदा बिनचूक झाला की युगानुयुगे खरा राहील. पृथ्वीचा नकाशा दर पिढीने नव्याने करावा लागतो.

भारत या कार्यात उतरला तो २२ ऑक्टोबर २००८ रोजी, चांद्रयान-१ च्या उड्डाणाने. हे यान ३१२ दिवस काम देत राहिले. त्यावरचा भारतीय बनावटीचा कॅमेरा पाच मीटरपर्यंतचा तपशील टिपून उंचसखलपणा मोजणारा होता. त्याच्या चित्रांवरून वादळांच्या महासागराखालची लाव्हाची एक पोकळ नळी भारतीय संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिली. माणसाला उद्या चंद्रावर निवारा हवा झाला तर अशा गुहा कामास येतील. त्याच यानावरच्या अमेरिकी उपकरणाने पाण्याच्या रेणूंचा मागोवा लावला आणि सप्टेंबर २००९ मध्ये ती वार्ता जगाला कळली. हे पाणी रिचिओलीच्या सागरांतले नव्हते. ते मातीच्या कणांना चिकटलेले होते, आणि ध्रुवांजवळ, जेथे ऊन कधी पोहोचतच नाही अशा विवरांच्या तळाशी, बर्फरूपाने होते. ज्या जागांना पाण्याचे नाव होते तेथे पाणी निघाले नाही. निघाले ते नावगाव नसलेल्या काळोखात.

येथवरचे नकाशे पंडितांचे होते. श्मिटचा नकाशा पाहावयाचा तर मोठ्या ग्रंथालयाचे दार ठोठवावे लागे. २० जुलै २००५ रोजी, पहिल्या चांद्रपदार्पणाच्या वाढदिवशी, गुगल कंपनीने चंद्राचा नकाशा महाजालावर खुला केला. जून २००९ मध्ये उडालेल्या अमेरिकेच्या लूनर रिकनिसन्स ऑर्बिटर यानाने अर्ध्या मीटरपर्यंतचा तपशील टिपण्यास आरंभ केला आणि ती चित्रे मोफत पाहण्याची व्यवस्था झाली. भारताच्या अवकाश संस्थेनेही चांद्रयान-२ ची माहिती डिसेंबर २०२० पासून ‘प्रदान’ नावाच्या दालनातून लोकांस दिली. आज हातातल्या फोनवर बोट फिरवून कोपर्निकसच्या कड्यावरून खाली उतरता येते, अपोलोच्या प्रवाशांची पायवाट शोधता येते. जे पाहावयास श्मिटला ३४ वर्षे लागली, ते शाळकरी मूल एका सायंकाळी पाहते. फरक इतकाच की, श्मिटने जे पाहिले ते त्याला पाठ होते.

सर्वांना नकाशा मिळाल्याने काय घडते, याचे उदाहरण २०१९ चे आहे. ७ सप्टेंबरच्या पहाटे चांद्रयान-२ चा विक्रम हा अवतरक चंद्राच्या दक्षिण भागात उतरताना त्याचा संपर्क तुटला आणि अवघा देश हळहळला. अमेरिकी यानाने १७ सप्टेंबरला त्या भागाची छायाचित्रे घेतली आणि २६ तारखेला ती प्रसिद्ध केली. चेन्नईचे एक अभियंते, षण्मुग सुब्रमणियन, यांनी ती आपल्या संगणकावर उघडली आणि पूर्वीचे चित्र व नंतरचे चित्र शेजारी ठेवून ते ठिपक्यामागून ठिपका तपासू लागले. पूर्वी नव्हता असा एक उजळ ठिपका त्यांना आढळला. त्यांनी तो अमेरिकी शास्त्रज्ञांना कळविला. नव्या छायाचित्रांशी ताडून पाहिल्यावर डिसेंबरच्या आरंभी नासाने जाहीर केले की तो विक्रमचा अवशेष आहे, आणि शोधाचे श्रेय त्यांना दिले. मुख्य आघातस्थळापासून तो तुकडा सुमारे ७५० मीटर वायव्येस पडला होता. त्यांच्यापाशी वेधशाळा नव्हती आणि कोणी त्यांना नेमलेही नव्हते. बीअर आणि मेडलर यांच्यापाशी जी चिकाटी होती, ती मात्र होती.

या अपयशाची भरपाईही नकाशानेच केली. विक्रमसाठी पूर्वी ५०० मीटर लांबरुंद चौकोन ठरविला होता. पुढच्या खेपेस ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटरचे क्षेत्र निवडले गेले. चांद्रयान-२ चा परिभ्रमक चंद्राभोवती फिरतच होता. त्याचा कॅमेरा सुमारे पाव मीटरचा तपशील देई, आणि त्या चित्रांत खाचखळगे आणि धोंडे पाहून जागा पारखता आली. २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी चांद्रयान-३ खाली येत असताना त्याचे कॅमेरे समोरची भूमी साठविलेल्या चित्रांशी पडताळीत होते, आणि सहा वाजून चार मिनिटांनी ते ६९ अंश दक्षिण अक्षांशाजवळ अलगद टेकले. त्या जागेला शिवशक्ती हे नाव देण्यात आले आणि मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघाने त्यास मान्यता दिली.

चंद्रावर भारतीय नावे त्यापूर्वीही होती. चंद्राच्या पाठीवर भाभा आणि जगदीशचंद्र बोस यांची विवरे आहेत. प्रसादसागरात विक्रम साराभाईंच्या नावाचे लहानसे, स्वच्छ विवर आहे; पूर्वी त्याला बेसेल-ए म्हणत. शांतिसागरात आर्यभट आहे. त्याचा अर्धाअधिक काठ लाव्हाने गिळला असून उरलेली कड तेवढी कमानीसारखी वर दिसते. गोंड राणीच्या प्रधानाचे नाव जसे तलावाला, तसे ज्योतिर्विदाचे नाव विवराला. फिलिप राजाचे नाव मात्र त्याच्या महासागरावरून केव्हाच उतरले. तेथे आज वादळे आहेत.

ज्या पडद्यावर चंद्र दिसतो, त्याच पडद्यावर उपग्रहांनी टिपलेले जबलपूरही दिसते. अधारतालचे पाणी तेथे आहे, राणीताल आणि चेरीताल या नावांच्या वस्त्या आहेत. सुब्रमणियन यांनी चंद्राची दोन चित्रे शेजारी ठेवून एक हरवलेले यान शोधले. तीच रीत पृथ्वीवरही चालते: जुना नकाशा आणि आजचे चित्र शेजारी ठेवले की कोणता तलाव किती आकसला, कोणता बुजला, हे ठिपक्याठिपक्याने मोजता येते. चंद्रावरच्या सागरांना घाई नाही. ते जसेच्या तसे राहणार आहेत. अधारतालला तेवढी सवड नाही.